पीएचपी सॉकेट: जीटी०६ ट्रॅकरचं लॉगिन पॅकेट ३, १४ आणि १ बाइट असं तुटून येतंय

कोयनाकाठ
मंडळी, ऊसवाहतुकीच्या साठ-सत्तर ट्रॅक्टरांवर जीटी०६ प्रोटोकॉलचे (गाडी कुठे आहे ते सर्व्हरला कळवणारे जीपीएस) ट्रॅकर बसवायचे आहेत. सर्व्हर उबुंटूचा, पीएचपी ८.२. स्क्रिप्ट कमांड लाइनवरून चालते, ब्राउझरचा संबंध नाही. पोर्ट ५०२३. सॉकेट_क्रिएट, सॉकेट_बाइंड, सॉकेट_लिसन, सॉकेट_अ‍ॅक्सेप्ट इथपर्यंत सगळं सुरळीत आहे. ट्रॅकर जोडला जातो.

पुढे सॉकेट_रीड वापरलंय: लांबी १०२४, मोड पीएचपी_नॉर्मल_रीड. आलेलं बिनटूहेक्स करून (म्हणजे प्रत्येक बाइट हेक्सच्या दोन अक्षरांत) लॉगमध्ये टाकतो, ते असं दिसतं (आयएमईआयच्या जागी प्रोटोकॉलच्या कागदातला नमुना घातलाय):

पहिला रीड: ७८ ७८ ०डी
दुसरा रीड: ०१ ०१ २३ ४५ ६७ ८९ ०१ २३ ४५ ०० ०१ ८सी डीडी ०डी
तिसरा रीड: ०ए

मग ट्रॅकर कनेक्शन तोडतो आणि पुन्हा जोडतो, पुन्हा तेच. सिमकार्डचं नेटवर्क पॅकेट तोडतंय का? एमटीयूचा (नेटवर्कवर एका तुकड्यात मावणाऱ्या कमाल बाइटांचा) प्रश्न आहे का? फंक्शनांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत, समजून घ्या.

पोर्टमास्तर
नेटवर्कला उगाच दोष नको. १८ बाइटांचं पॅकेट एमटीयूमुळे तुटत नाही, इथरनेटवर एका सेगमेंटमध्ये १४६० बाइट मावतात. तोडतोय तुमचा पीएचपी_नॉर्मल_रीड.

हा मोड \आर किंवा \एन दिसला की थांबतो. \आर म्हणजे हेक्समध्ये ०डी, \एन म्हणजे ०ए. आता लॉगिन पॅकेट बघा. सुरुवातीला ७८ ७८, मग एका बाइटात लांबी. लॉगिनची लांबी १३: प्रोटोकॉल क्रमांकाचा १, आयएमईआयचे ८, सीरियल नंबरचे २, सीआरसीचे (पॅकेट बिघडलंय का ते तपासायचे) २. आणि १३ म्हणजे हेक्समध्ये ०डी! लांबीचा बाइट पीएचपीला ओळ संपल्याची खूण वाटला, त्याने ३ बाइट हातात ठेवले. पुढचे १४ शेवटच्या ०डीपर्यंत, आणि मागे एकटा ०ए. ३ + १४ + १ = १८. हिशेब चोख आहे.

या मोडबद्दल आणखी एक. आत तो एकेक बाइट वेगळ्या सिस्टीम कॉलने वाचतो. १८ बाइटांना १८ कॉल. टेक्स्ट प्रोटोकॉललासुद्धा मी तो वापरणार नाही, कारण ओळ \आर\एन ने संपत असेल तर \आर वर थांबतो आणि पुढच्या रीडला नुसता \एन मिळतो.

पीएचपी_बायनरी_रीड द्या (तसाही तोच डीफॉल्ट आहे), नाहीतर सरळ सॉकेट_रिसीव्ह घ्या. मॅन्युअलमध्ये शोधताना शेवटचा शब्द आर-ई-सी-व्ही असा आखूड आहे.

रात्रपाळी
एवढी उस्तवार कशाला? स्ट्रीमवाली फंक्शनं घ्या: स्ट्रीम_सॉकेट_सर्व्हर, स्ट्रीम_सॉकेट_अ‍ॅक्सेप्ट आणि एफगेट्स. एफगेट्स फक्त ०ए वर थांबतं, ०डी वर नाही. पॅकेट ०डी ०ए ने संपतं, म्हणजे एका कॉलला एक अख्खं पॅकेट.

पोर्टमास्तर
@रात्रपाळी, लॉगिनपुरतं चालेल. म्हणूनच ते जास्त धोक्याचं. पुढचं पॅकेट बघा, हार्टबीट ('मी चालू आहे' असं अधूनमधून कळवणारं): प्रोटोकॉल क्रमांक हेक्समध्ये १३ (१ बाइट), मग स्थितीचा १ बाइट, बॅटरीचा १, सिग्नलचा १, अलार्म व भाषेचे २, सीरियलचे २, सीआरसीचे २. बेरीज १०. लांबीचा बाइट ०ए. एफगेट्स तिथेच तीन बाइटांवर अडकणार.

समजा हार्टबीट नाहीच. सीरियल नंबर दर पॅकेटला एकाने वाढतो, दहावं पॅकेट ०० ०ए. २५६० ते २८१५ या सलग २५६ पॅकेटांत वरचा बाइट ०ए. लोकेशन पॅकेटात तारीख-वेळ सहा बाइटांत येते, वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद, सगळं बायनरी. महिना १० म्हणजे ०ए. सप्टेंबरात टेस्टिंग करून खूश व्हाल आणि १ ऑक्टोबरला एकही लोकेशन पॅकेट धड येणार नाही, पूर्ण महिनाभर. गळीत हंगाम त्याच सुमारास तोंडावर असतो, हे वेगळं सांगायला नको.

बायनरी प्रोटोकॉलमध्ये शेवटची खूण ही फक्त पडताळणीसाठी. तोडायचं ते लांबीवरून.

रात्रपाळी
ऑक्टोबरचा मुद्दा लाजवाब आहे. माघार.

बिटकट्टा
मोड बदलला की लगेच "एक रीड म्हणजे एक पॅकेट" असं लिहून मोकळे व्हाल, म्हणून आधीच सांगतो. टीसीपीला पॅकेट ठाऊक नसतं. तो बाइटांचा सलग प्रवाह देतो. समोरच्याने दोनदा लिहिलेलं तुमच्याकडे एका रिसीव्हमध्ये चिकटून येऊ शकतं, एकदा लिहिलेलं दोन तुकड्यांत येऊ शकतं. ट्रॅकर रेंजच्या बाहेर गेला की लोकेशन पॅकेटं साठवतो आणि रेंज आली की एकामागून एक ओततो. तेव्हा २०४८ च्या एका रिसीव्हमध्ये पन्नासेक पॅकेटं आणि शेवटचं अर्धं, असं सहज मिळतं. घरच्या वायफायवर हे कधी दिसत नाही, घाटात दिसतं.

म्हणून प्रत्येक कनेक्शनला स्वतःचा बफर (आलेले बाइट साठवायची जागा) हवा, साधी स्ट्रिंग चालेल. क्रम असा:

१. सॉकेट_रिसीव्हने जे येईल ते बफरच्या शेवटी जोडा. मागितलेल्या लांबीएवढं येईलच असं धरू नका.
२. बफरमध्ये ३ पेक्षा कमी बाइट असतील तर थांबा, पुढच्या रिसीव्हची वाट बघा.
३. पहिले दोन ७८ ७८ आहेत का? नसतील तर एसटीआरपीओएसने पुढचे ७८ ७८ शोधा, त्याआधीचं फेका. सापडलेच नाहीत तर शेवटचा एक बाइट तेवढा ठेवा, तो जोडीतला पहिला ७८ असू शकतो.
४. तिसरा बाइट ओआरडीने वाचा. पॅकेटची एकूण लांबी = तो आकडा + ५ (सुरुवातीचे २, लांबीचा १, शेवटचे २).
५. बफर त्याहून लहान असेल तर थांबा. काही फेकू नका, काही वाचलं असं समजू नका.
६. पुरेसा असेल तर सबस्ट्रने तेवढं कापून घ्या. शेवटचे दोन ०डी ०ए आहेत का बघा, मग सीआरसी तपासा. दोन्ही जमलं तरच पुढे पाठवा. नाही जमलं तर पूर्ण पॅकेट टाकू नका, बफरचा एकच बाइट काढा आणि ३ वर जा. ते ७८ ७८ कदाचित डेटामधलेच असतील.
७. पुन्हा २ पासून, बफर रिकामा होईपर्यंत किंवा अर्धं पॅकेट उरेपर्यंत.

पायरी ७ लोक हमखास विसरतात. विसरलं तर एका रिसीव्हमागे एकच पॅकेट निघतं, बाकीची बफरमध्ये तुंबतात आणि नकाशावर गाडी तासभर मागे दिसते. "ट्रॅकर लेट पाठवतो" म्हणून दुकानदाराशी भांडण होतं ते निराळंच.

बफरला वरची मर्यादा घाला, ६४ किलोबाइट भरपूर झाले. उघड्या पोर्टवर दिवसभर कोणीतरी एचटीटीपीच्या आणि कसल्याकसल्या विनंत्या मारून बघत असतं. मर्यादा ओलांडली की कनेक्शन बंद.

आडगावकर
बफर वगैरे न करता सॉकेट_रिसीव्हला एमएसजी_वेटऑल फ्लॅग देता येतो की. आधी ३ बाइट मागायचे, लांबी कळली की लांबी + २ मागायचे. तेवढे येईपर्यंत फंक्शन परतच येत नाही. कोड दहा ओळींत.

बिटकट्टा
एका वेळी एकच ट्रॅकर असेल तर चालेल. इथे एकच प्रोसेस साठ-सत्तर गाड्या सांभाळणार. एका गाडीने ७८ ७८ ०डी पाठवलं आणि ती बोगद्यात शिरली, की उरलेल्या सगळ्या गाड्या तिच्यासाठी ताटकळणार. वर एसओ_आरसीव्हीटाइमओ लावला (सेकंद व मायक्रोसेकंद अशी अ‍ॅरे द्यावी लागते) तर मुदत संपल्यावर जेवढे आले तेवढेच बाइट हातात येतात, म्हणजे अर्धं पॅकेट सांभाळायला बफर पुन्हा लागलाच. शिवाय बरबटलेल्या प्रवाहात पुन्हा सूर कसा पकडणार? ३ बाइट वाचले ते ७८ ७८ नसले तर?

प्रत्येक कनेक्शनला पीसीएनटीएल_फोर्कने वेगळी प्रोसेस दिली तर तुमची पद्धत बसते. पण मग डेटाबेसची कनेक्शनंही तेवढीच.

आडगावकर
मान्य. फोर्कवाल्या रचनेत वापरलंय, तिथे ठीक वाटलं होतं. एकाच प्रोसेसने सगळी सॉकेटं सांभाळायच्या सिलेक्टच्या लूपमध्ये नको.

कोयनाकाठ
सगळ्यांचे आभार. सॉकेट_सिलेक्टचं लूप आणि प्रत्येक कनेक्शनला बफर असं लिहिलं. लॉगिन १८ बाइटांचं अखंड मिळतंय. आता दोन नव्या भानगडी. एक, ट्रॅकरची वायर काढली की काही वेळाने पीएचपीची प्रोसेस सीपीयू १०० टक्के खाते. दोन, दोन ट्रॅकर एकदम जोडले की एकाच्या पॅकेटात दुसऱ्याचे बाइट मिसळतात. बफरची अ‍ॅरे आहे, किल्ली म्हणून सॉकेट इंटमध्ये कास्ट करून वापरलंय.

पोर्टमास्तर
दुसरी आधी, ती सोपी आहे. पीएचपी ७ पर्यंत सॉकेट हा रिसोर्स होता, इंटमध्ये कास्ट केलं की प्रत्येकाचा वेगळा क्रमांक मिळायचा. ८.० पासून सॉकेट हे ऑब्जेक्ट झालंय. ऑब्जेक्ट इंटमध्ये कास्ट केलं की वॉर्निंग येते आणि उत्तर मिळतं १. सगळ्यांचं १! म्हणजे सगळ्या गाड्या एकाच बफरमध्ये. वॉर्निंग दिसली नाही म्हणजे एरर रिपोर्टिंग दाबलेलं दिसतंय, ते आधी उघडा. नेटवर शोधून सापडणारे बरेच नमुने ८ च्या आधीचे आहेत, तिथून उचललेल्या कोडमध्ये हे हटकून असतं.

कास्टच्या जागी एसपीएल_ऑब्जेक्ट_आयडी घ्या. मात्र ऑब्जेक्ट नष्ट झाल्यावर तोच आयडी नव्या ऑब्जेक्टला मिळू शकतो, म्हणून कनेक्शन बंद करताना त्याचा बफर, आयएमईआय, शेवटची वेळ, सगळं अनसेट करा. नाहीतर नव्या ट्रॅकरच्या पहिल्या पॅकेटाला जुन्याचं शेपूट चिकटेल.

आता सीपीयू. रिसीव्हनंतरची इफ कशी लिहिलीय ते टाका.

कोयनाकाठ
सॉकेट_रिसीव्हचं उत्तर फॉल्स असेल तर सॉकेट बंद करतो. नाहीतर बफरला जोडतो.

पोर्टमास्तर
तिथेच आहे. सॉकेट_रिसीव्हची तीन उत्तरं असतात, तीन वेगळे रस्ते हवेत.

शून्यापेक्षा मोठा आकडा: तेवढे बाइट आले. डेटा दुसऱ्या पॅरामीटरमध्ये मिळतो, परतीच्या किमतीत नव्हे.

शून्य: समोरच्याने कनेक्शन रीतसर बंद केलं. ही चूक नाही, म्हणून फॉल्स येत नाही. हे सॉकेट तुम्ही बंद केलं नाही तर सिलेक्ट दर फेरीला "वाचायला तयार" म्हणत राहतं, रिसीव्ह दर फेरीला शून्य देतं आणि लूप गरगर फिरतं. १०० टक्के सीपीयू तो हाच.

फॉल्स: इथे सॉकेट_लास्ट_एररला सॉकेट द्या आणि क्रमांक बघा. लिनक्सवर ११ म्हणजे नॉन-ब्लॉकिंग सॉकेटवर सध्या डेटा नाही, सोडून द्या, बंद करू नका. ४ म्हणजे मध्येच प्रोसेसला सिग्नल आला (मोबाइलचा नव्हे), पुन्हा करा. १०४ म्हणजे समोरून रीसेट, बंद करा. विंडोजवर ११ च्या जागी १००३५ येतो, म्हणून आकडे न लिहिता सॉकेट_ईवुडब्लॉक हा कॉन्स्टंट वापरलेला बरा.

आणि तुलना तीन बरोबर-चिन्हांनी. दोन चिन्हांनी केली तर शून्य आणि फॉल्स एकच ठरतात. सॉकेट_रीड वापरणाऱ्यांसाठी: तिथे बंद झाल्याची खूण रिकामी स्ट्रिंग असते. "व्हाइल, बफर बरोबर सॉकेट_रीड" असं आखूड लूप लिहू नका. नेमकं एकच अक्षर ० आलं तर "०" ही स्ट्रिंग पीएचपीत फॉल्सी आहे, कनेक्शन जिवंत असताना लूप संपेल.

बिटकट्टा
सिलेक्टबद्दलही सांगून ठेवतो. त्याला दिलेल्या अ‍ॅरे तो बदलतो, फक्त तयार असलेली सॉकेटं उरतात. म्हणून दर फेरीला मूळ यादीची प्रत द्या. मूळ यादीच दिली की पहिल्या फेरीनंतर बाकी गाड्या गायब. राइट आणि एक्सेप्टसाठी नल द्यायचा तर आधी व्हेरिएबलमध्ये घाला, ते संदर्भाने जातात, थेट नल लिहिलं तर चालत नाही. वेळ ० देऊ नका, तेही सीपीयू जाळतं. नल दिला तर कोणी बोलेपर्यंत झोपून राहतो, मग मेलेली कनेक्शनं झाडायला संधी मिळत नाही. ५ सेकंद द्या.

तयार असलेल्या सॉकेटवर एका फेरीत एकच रिसीव्ह केला तरी चालतो. उरलेला डेटा असेल तर सिलेक्ट पुढच्या फेरीला पुन्हा सांगतो.

सांगावा
मेलेल्या कनेक्शनांचा विषय निघालाच आहे तर: वायर काढल्यावर किंवा रेंज गेल्यावर बऱ्याचदा शून्यही येत नाही आणि १०४ ही येत नाही. काहीच येत नाही. टीसीपीच्या लेखी कनेक्शन जिवंत. एसओ_कीपअलाइव्ह नुसतं चालू केलं तर लिनक्सची पहिली तपासणी ७२०० सेकंदांनी, म्हणजे दोन तासांनी. त्याच्या भरवशावर राहू नका. प्रत्येक कनेक्शनची शेवटची वेळ ठेवा आणि हार्टबीटचं जे अंतर ट्रॅकरमध्ये लावलंय त्याच्या तिप्पट वेळ शांतता असली की बंद करा. शिवाय त्याच आयएमईआयचं नवं लॉगिन आलं तर जुनं सॉकेट लगेच बंद. नाहीतर एका गाडीची चार भुतं यादीत बसतात.

आयएमईआय काढताना ८ बाइटांचं बिनटूहेक्स १६ आकड्यांचं येतं, पुढे एक शून्य जादा. एलट्रिमने शून्यं काढू नका, खऱ्या आयएमईआयची सुरुवात शून्याने असली तर तेही जाईल. सबस्ट्रने पहिलं एकच अक्षर सोडा. आणि डेटाबेसमध्ये तो व्हारकॅर ठेवा.

कोयनाकाठ
सीपीयू शांत झाला, बाइट मिसळणंही थांबलं. पण ट्रॅकर अजून दर काही सेकंदांनी नव्याने लॉगिन करतोय, लोकेशन पाठवतच नाही. लॉगिनला कागदात दिलेलं उत्तर पाठवतो: ७८ ७८ ०५ ०१ ०० ०१ डी९ डीसी ०डी ०ए. सॉकेट_राइट २० परत देतो, म्हणजे गेलंय.

सांगावा
२० परत देतो हाच पुरावा आहे :) उत्तर १० बाइटांचं आहे. तुम्ही हेक्सची अक्षरं पाठवताय, "७" आणि "८" अशी. हेक्सटूबिन करून पाठवा, सॉकेट_राइटने १० द्यायला हवेत. ट्रॅकरला ५ सेकंदांत ओळखीचं उत्तर मिळालं नाही की तो कनेक्शन बिघडलं असं धरतो.

आणि ते नमुन्याचं उत्तर कायमचं चिकटवू नका. त्यातला ०० ०१ हा सीरियल नंबर आहे, आलेल्या पॅकेटचाच परत द्यायचा असतो. ट्रॅकर नुकताच चालू झाला असेल तर पहिलं पॅकेट १ नंबरचं असतं, तेव्हा जुळतं. चालू असतानाच कनेक्शन तुटून पुन्हा जोडला तर नंबर पुढचा असतो. सीरियल बदलला की सीआरसीही बदलतो, डी९ डीसी फक्त त्या एकाच उत्तराचा. हार्टबीटलाही उत्तर लागतं, तिथे प्रोटोकॉल क्रमांक ०१ ऐवजी १३. साध्या लोकेशन पॅकेटला (१२) लागत नाही.

कोयनाकाठ
सीआरसीसाठी पीएचपीत तयार फंक्शन आहे का? हॅशच्या यादीत सीआरसी३२ आहे, १६ चं दिसत नाही. नेटवरून घेतलेल्या दोन फंक्शनांची उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीत.

बिटकट्टा
तयार नाही. सीआरसी-१६ नावाखाली डझनभर प्रकार आहेत, म्हणून जुळत नाहीत. इथे लागतो तो एक्स-२५ प्रकार. स्वतः लिहा, मोठं काम नाही:

सुरुवात एफएफएफएफ ने. प्रत्येक बाइटाशी एक्सऑर. मग आठ वेळा: सर्वांत खालचा बिट १ असेल तर उजवीकडे एक घर सरकवून ८४०८ शी एक्सऑर, नसेल तर नुसतं सरकवा. सगळे बाइट झाले की शेवटी पुन्हा एफएफएफएफ शी एक्सऑर. पॅकला छोट्या एन ने दोन बाइट करा, मोठा बाइट आधी.

कोणते बाइट घ्यायचे इथे गल्लत होते. लांबीच्या बाइटापासून सीरियल नंबरच्या शेवटापर्यंत. ७८ ७८ नाहीत, ०डी ०ए नाहीत. तपासणी: ०५ ०१ ०० ०१ दिले की डी९ डीसी यायला हवं. १ ते ९ हे आकडे अक्षरं म्हणून दिले की ९०६ई. दोन्ही जुळले की फंक्शन बरोबर.

कोयनाकाठ
दोन्ही जुळले, आणि लोकेशन पॅकेटं सुरू झाली! ३६ बाइटांची. अक्षांशाचे चार बाइट ०१ एफसी एडी ९० आलेत, अनपॅक मोठ्या एन ने केलं तर ३३३३६७२०. याचं पुढे काय?

सांगावा
१८ लाखांनी भागा. १८.५२०४, पुण्यातच उभा आहे ट्रॅकर. कच्चा आकडा म्हणजे मिनिटं गुणिले ३०,०००, आणि अंशाची ६० मिनिटं, म्हणून १८,००,०००. रेखांशही तसाच. त्यानंतर वेग एका बाइटात, ताशी किलोमीटर. पुढच्या दोन बाइटांत खालचे दहा बिट दिशा, आणि वरच्या बाइटात उत्तर-दक्षिण, पूर्व-पश्चिम आणि "जीपीएस लागलाय का" हे बिट. तो शेवटचा तपासल्याशिवाय जागा साठवू नका, नाहीतर शेडमध्ये उभी गाडी जुन्याच जागी ताजी म्हणून दिसते. पुढे मोबाइल देशकोड: ०१ ९४ म्हणजे ४०४, भारत. हा आकडा लॉगमध्ये डोळ्यांनी तपासायला फार सोयीचा. ४०४ किंवा ४०५ नसेल तर बाइट मोजण्यात एखादं घर सरकलंय. अनपॅकचं उत्तर १ पासून सुरू होणारी अ‍ॅरे असते, ० पासून नाही, हेही ध्यानात असू द्या.

आडगावकर
विषयाला धरूनच एक प्रश्न. काही स्वस्त सेन्सर यूडीपीने पाठवतात. तिथेही हाच बफर?

पोर्टमास्तर
नाही. यूडीपीत एक डेटाग्राम म्हणजे एक निरोप, तुटत नाही, चिकटत नाही. सॉकेट_रिसीव्हफ्रॉम घ्या, त्यात पाठवणाऱ्याचा पत्ता आणि पोर्टही मिळतो. अडचण उलटी आहे: मागितलेली लांबी डेटाग्रामपेक्षा कमी असली तर उरलेला भाग कायमचा गेला, पुढच्या कॉलला मिळत नाही. म्हणून ६५५३५ मागून मोकळे व्हा. आणि इथे शून्य बाइट म्हणजे कनेक्शन बंद नव्हे, रिकामा डेटाग्राम असू शकतो. पाठवणारं उपकरण तुमच्या हातात असेल तर निरोप १४७२ बाइटांच्या आत ठेवा, म्हणजे १५०० च्या एमटीयूत तुकडे पडत नाहीत. यूडीपीत हरवलेलं परत येत नाही. तुमची स्क्रिप्ट डेटाबेसमध्ये अडकून बसली आणि कर्नलचा बफर भरला की पुढचे निरोप मुकाट्याने टाकले जातात. एसओ_आरसीव्हीबफने बफर वाढवा. लिनक्स दिलेल्या आकड्याची दुप्पट करून ठेवतो, वाचून बघितलं तर दचकू नका.

रात्रपाळी
स्ट्रीमच्या बाजूनेही थोडं. एफगेट्स गेलं खड्ड्यात, पण स्ट्रीम_सिलेक्ट आणि एफरीड हे या कामाला तितकंच चालतं, आणि सॉकेट्स एक्स्टेन्शन बसवलेलं नसेल तरी ही फंक्शनं असतात. नेटवर्क स्ट्रीमवर एफरीड ८१९२ मागितले तरी जेवढे आले तेवढे घेऊन परत येतं, वाट बघत नाही. बफरचा बाकी हिशेब वरचाच. फक्त दोन्ही जगं मिसळू नका. स्ट्रीमने वाचलेले बाइट पीएचपीच्या स्वतःच्या बफरमध्ये बसतात. सॉकेट_इम्पोर्ट_स्ट्रीम करून वर सॉकेट_रिसीव्ह मारला तर ते बाइट तुम्हाला दिसणार नाहीत.

मुदत तपासायची तर स्ट्रीम_सेट_टाइमआउट आणि मग स्ट्रीम_गेट_मेटा_डेटामधलं टाइम्ड_आउट. काहीच लावलं नाही तर डीफॉल्ट_सॉकेट_टाइमआउटचे ६० सेकंद.

बिटकट्टा
@कोयनाकाठ, गाड्या वाढणार असतील तर सिलेक्टची मर्यादा लक्षात ठेवा. एफडी_सेटसाइज १०२४. त्यात डेटाबेस, लॉग फाइल, सगळेच डिस्क्रिप्टर मोजले जातात, आणि युलिमिटही बऱ्याच ठिकाणी १०२४ च असतो. सत्तर गाड्यांना काही होणार नाही. हजाराकडे जायचं असेल तर इव्हेंट किंवा ईव्ही एक्स्टेन्शन, नाहीतर रिअ‍ॅक्टपीएचपी, स्वूल, वर्करमॅन यांपैकी काहीतरी. की 'ट्रॅकार' नावाचा जावामधला मुक्त सर्व्हरच बसवून टाका, त्यालाही जीटी०६ साठी ५०२३ च पोर्ट असतं. पीएचपीने मग त्याच्याकडून तयार डेटा घ्यायचा. माझं मत विचाराल तर शंभरापर्यंत स्वतःचं लिहिलेलं सांभाळायला सोपं जातं.

लूपच्या आत एकेक इन्सर्ट करू नका. ती क्वेरी चालते तेवढा वेळ सगळी सॉकेटं थांबतात. पॅकेटं जमवून दर सेकंदाला एकदम इन्सर्ट करा, किंवा रेडिसच्या यादीत टाका आणि दुसरी स्क्रिप्ट उपसेल. मायएसक्यूएलचा वेट_टाइमआउट डीफॉल्टने २८८०० सेकंद आहे. रात्री गाड्या बंद असल्या की आठ तासांनी कनेक्शन जातं आणि सकाळचं पहिलंच पॅकेट एररने मरतं. एरर आली की पुन्हा जोडून तीच इन्सर्ट परत करायची सोय ठेवा.

पोर्टमास्तर
रीस्टार्ट केल्यावर "अ‍ॅड्रेस ऑलरेडी इन यूज", एरर ९८, येणार. बाइंडच्या आधी एसओ_रीयूजअ‍ॅडर लावा, नंतर लावून उपयोग नाही. बाइंड ०.०.०.० वर करा, १२७.०.०.१ वर केलं तर बाहेरून कोणी येऊच शकत नाही. स्क्रिप्ट सिस्टमडीखाली चालवा, पडली तर उठेल.

टेस्टिंगला ट्रॅकर घेऊन रस्त्यावर हिंडायची गरज नाही. हेक्स एक्सएक्सडीने बायनरी करून एनसीने पोर्टवर सोडा. किमान चार चाचण्या: पॅकेटचे ५ बाइट, दोन सेकंद थांबून उरलेले. तीन पॅकेटं एकत्र चिकटवून. पुढे दहा बाइट कचरा आणि मग पॅकेट. महिन्याच्या जागी ०ए घातलेलं लोकेशन पॅकेट, सीआरसी नव्याने काढून.

कोयनाकाठ
चारही केल्या. पहिल्या दोन आणि चौथी पास. कचऱ्याच्या चाचणीत पॅकेट हरवत होतं, पायरी ६ मध्ये एक बाइट काढायच्या ऐवजी बफरच रिकामा करत होतो. ते बदलल्यावर पास. एकच शंका राहिली: दुसऱ्या मॉडेलच्या ट्रॅकरकडून मधूनच ७९ ७९ ने सुरू होणारं काहीतरी येतं, माझा कोड ते कचरा म्हणून फेकतो.

सांगावा
तो कचरा नाही, लांबलचक पॅकेटांचा प्रकार आहे. ७९ ७९ असेल तर लांबी दोन बाइटांत, अनपॅक छोट्या एन ने. एकूण लांबी = तो आकडा + ६. सीआरसी लांबीच्या पहिल्या बाइटापासून. पायरी २ मध्ये किमान ४ बाइट लागतील आणि पायरी ३ मध्ये दोन्ही खुणा शोधून जी आधी सापडेल ती घ्या. आतली माहिती मॉडेलप्रमाणे बदलते, ती वाचायची नसेल तर नुसतं कापून बाजूला टाका, पण लांबी मोजूनच.